‘हलू नका’वाल्यांची लेन्स

माझ्यावर आरोप आहे की मी लोकांच्या घरात डोकावते. साफ खोटं आहे. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी जिन्यावर उघडते आणि खालच्या मजल्यावरचं कुटुंब मोठ्यानं बोलतं. यात माझा दोष एवढाच की मी बहिरी नाही.

त्या कुटुंबाचे कर्ते म्हणजे ‘हलूनका’. तळमजल्यावर त्यांचं फोटोचं दुकान आहे. लग्नसमारंभ वगैरे काही नाही. ओळखपत्राचे, परवान्याचे, परीक्षेच्या अर्जाचे फोटो. सव्वीस वर्षं हा गृहस्थ माणसांना एका स्टुलावर बसवतो, दोन पावलं मागे जातो आणि तेच म्हणतो, “हनुवटी किंचित खाली... हं... हलू नका.” आवाज चढा नाही, पण असा की ऐकणाऱ्याची मान आपोआप ताठ होते. एकदा टाकी दुरुस्त करायला आलेला प्लंबर जिन्यातून जाताना ते ऐकून पान्यासकट पायरीवर थबकला होता. “झालं” ऐकू आल्यावरच पुढे गेला. मी स्वतः पाहिलंय. नावही मीच ठेवलं. तोंडावर मी त्यांना भाऊजी म्हणते, पाठीमागे हलूनका. त्यांना हे ठाऊक आहे, आणि आमचं छान चाललंय.

वहिनी काउंटरवर बसून फोटो कापतात. आठ चेहऱ्यांची पट्टी, खट् खट् खट्, आणि पाकिटात. बोलतात कमी, पण जेवढं बोलतात तेवढ्यात समोरच्याचेही आठ तुकडे होतात.

आणि यांच्या पोटी मुलगी कशी जन्मावी? स्प्रिंग! हेही नाव माझंच. ही पोर जिना कधी उतरलीच नाही, तीन-तीन पायऱ्या उडी मारत खाली आली. शाळेत बाकावर बसत नाही म्हणून दर आठवड्याला चिठ्ठी यायची. पण दुकानात एकदा का बापाच्या स्टुलावर बसली की पुतळा. चार वर्षांची असल्यापासून दिवे लावून बघायचे तर भाऊजी तिलाच बसवायचे. “हं, हलू नकोस,” म्हटलं की “झालं” म्हणेपर्यंत ती श्वास घ्यायची नाही. एकदा या दोन शब्दांच्या मधे फोन आला आणि भाऊजी बोलत बोलत बाहेर गेले. वहिनींनी पाहिलं तेव्हा पोर निळी पडली होती. “अगं, श्वास तरी घ्यायचास!” तर म्हणाली, “बाबा ‘झालं’ म्हणालेच नाहीत.” हा किस्सा आम्ही वर्षानुवर्षं हसत हसत सांगत आलो. आता मला तो हसत सांगता येत नाही.

मोठी झाल्यावर स्प्रिंग व्हॉलीबॉलमध्ये शिरली आणि क्लबच्या संघात आली. ती मागच्या फळीतली. जाळ्याजवळच्या उंच मुली उडी मारून चेंडू खाली हाणतात, आणि समोरच्यांनी हाणलेला चेंडू जमिनीला टेकायच्या आत उचलायचं काम हिचं. झोकून द्यायचं, घसरायचं, गुडघे फोडून घ्यायचे. टाळ्या मात्र जाळ्याजवळच्यांना. फोटोही त्यांचेच. वर्तमानपत्राचा फोटोवाला यायचा, जाळ्यापाशी कॅमेरा रोखायचा आणि निघून जायचा. सात वर्षांत स्प्रिंग छापून आली ती एकदाच, आणि तेही नुसतं कोपर. एका उंच मुलीच्या कमरेमागून निघालेलं एक कोपर. वहिनींनी ते कात्रण फ्रेम करून लावलंय. पाहुणे विचारतात हे काय, तर म्हणतात, “आमची मुलगी.”

बाप फोटोवाला आणि मुलीचा खेळतानाचा एक फोटो नाही! मी हे त्यांना कितीदा चिडवलं असेल. ते म्हणायचे, “काढू की. कुठे पळून चाललीय?”

मग गुडघा गेला. डॉक्टरांनी चित्र दिव्यासमोर धरलं आणि सांगितलं, हा मोसम उरकून घे, नंतर धावणं बंद. मोसमाचे तीन सामने उरले होते. त्या संध्याकाळी खिडकीतून मला भाऊजींचा आवाज आला. असा आवाज मी त्यांचा ऐकला नव्हता. “तिचा एक फोटो पाहिजे. खेळतानाचा. एकच, पण स्पष्ट.”

पहिल्या सामन्याला ते दुकानातलाच कॅमेरा आणि दुकानातलीच लेन्स घेऊन गेले. क्लबचा हॉल म्हणजे तुम्हाला सांगते, बारा दिव्यांपैकी सात चालू, त्यातला एक लुकलुकणारा, आणि वरच्या खिडक्यांना कुणीतरी हिरवा रंग फासलेला. भाऊजींनी सवयीप्रमाणे फ्लॅश मारला. चेंडू उचलणारी मुलगी डोळे चोळत उभी राहिली, पंच शिट्टी फुंकत थेट बाकापाशी आले. “पुन्हा चमकवलंत तर बाहेर बसावं लागेल.” भाऊजींचे कान लाल. बिनफ्लॅशचे फोटो घरी येऊन पाहिले तर काळ्या विहिरीत कुणीतरी रुमाल धुतंय असं दिसत होतं. त्यांनी क्लबच्या सचिवांना दिव्यांबद्दल विचारलं. सचिव म्हणाले, “दिवे बदलायचा ठराव मंजूर झालाय.” कधी? “चार वर्षं झाली.”

मग त्यांनी लेन्सचा ध्यास घेतला. दिवसभर गिऱ्हाईक नसलं की वाचत बसायचे आणि मी दिसले की मला शिकवायचे. “हे बघा, लेन्सला एक दार असतं. अंधारात सताड उघडणारं दार हवं. आणि पळत्या माणसासाठी ते उघडून चटकन मिटायला हवं, नाहीतर माणूस फोटोत सांडतो. त्यात लांबूनही जवळचं दिसायला हवं. या तिन्ही गोष्टी ज्या लेन्समध्ये असतात...”

“तिची किंमत आपल्याला दिसत नाही,” वहिनी कात्री न थांबवता म्हणाल्या.

“भाड्यानं आणा की एक दिवस,” मी म्हटलं.

“विचारलं. गावात एकच आहे. अंतिम सामन्याच्या दिवशी बाहेरगावी चाललीय.”

शेवटी जुन्या भिंगवाल्याकडे जायचं ठरलं. भाव करायला म्हणून मी बरोबर गेले. दुकान बोळासारखं अरुंद, दोन्ही बाजूंना काचेची कपाटं आणि त्यांत कापसावर झोपवलेल्या लेन्स. एका कपाटात तोफेएवढी एक लेन्स होती. तिच्याकडे भाऊजींनी असं पाहिलं की मला वाटलं आता नमस्कार करतात. भिंगवाल्यानं ते कपाट न उघडताच तीन लेन्स पुढ्यात ठेवल्या.

“ही बुटकी. स्वस्त, दार मोठं, अंधारात उत्तम. पण बाकावरून काढलंत तर मुलगी मुंगीएवढी. ही मधली. हिचंही दार तेवढंच मोठं, थोडं लांबचं जवळ आणते, आणि फोकस आपला आपण लावते. किंमत जरा जास्त, पण माझं ऐका, तुमच्या कामाला हीच. आणि ही लांब नळीची, जुनी. हिचा फोकस हातानं फिरवायचा. दार बरं आहे, पण पूर्ण उघडलं तर कडा मऊ होतात, म्हणून थोडं मिटून घ्यावं लागतं. निम्म्या किमतीत देतो.”

“लावून बघू?”

“बघा की.”

आता पुढचं नीट ऐका. भाऊजींनी मधली लेन्स लावली, भिंगवाल्यावर रोखली. त्यांचा कॅमेरा म्हातारा, दुकान अंधारं. लेन्स गुर्र गुर्र करत पुढे-मागे झाली आणि फोटो जरासा पुसट आला. मग लांब नळी लावली. दोन पावलं मागे गेले, हातानं फोकसचं कडं फिरवलं, आणि सवयीनं म्हणाले, “हनुवटी किंचित खाली... हं... हलू नका.” भिंगवाला जागच्या जागी गोठला. खट्. फोटोत त्याच्या भुवईतला एकेक केस मोजून घ्यावा!

“वा!” भिंगवाला.

“वा!” मी.

मी भावात आणखी थोडे पाडले आणि आम्ही विजयी मुद्रेनं परतलो.

घरी आल्यावर स्प्रिंगला स्टुलावर बसवली. “हं, हलू नकोस.” खट्. पापण्यासुद्धा वेगवेगळ्या दिसत होत्या. भाऊजी आनंदानं कॅमेरा सगळ्यांना दाखवत फिरले. वहिनींनी फोटो पाहिला, मुलीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “हॉलमध्ये नेऊन बघा एकदा. इथे ती बसलीय.”

“अगं, भिंग तेच, मुलगी तीच!”

धावत्या माणसासाठी घ्यायची लेन्स त्यांनी दोन बसलेल्या माणसांवर पारखली होती. आज तुम्ही हसताय. त्या दिवशी हसण्यासारखं काही दिसलं ते फक्त वहिनींना, आणि त्या हसल्या नाहीत.

उपांत्य सामन्यात काय व्हायचं ते झालं. डोळा लावून कडं फिरवेपर्यंत पोर दुसऱ्या कोपऱ्यात. पावणेदोनशे फोटो. एकात तिला चार हात. एकात नुसते बूट. एकात तिची वेणी अगदी स्पष्ट आणि तिच्यापुढे धुकं. अंधारासाठी कॅमेऱ्यातला कसलासा आकडा वाढवून पाहिला, तर सगळ्यांच्या अंगावर वाळू ओतल्यासारखे दाणे. भाऊजी दुसऱ्या दिवशी सकाळीच भिंगवाल्याकडे गेले. तो म्हणाला, “बदलून दिली असती हो, पण मधली लेन्स तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्याच दिवशी खपली.”

त्या संध्याकाळी मी दुकानात डोकावले. ते पडद्यावर एकेक फोटो पुढे सरकवत होते. धूर, धूर, बूट, धूर. मी आपली सवयीनं म्हणाले, “भाऊजी, सरळ आहे. हलते म्हणून येत नाही ना? मग सांगा तिला मधेच, हलू नकोस म्हणून!”

ते हसले. मीही हसले. वहिनींची कात्री तेवढी थांबली.

अंतिम सामन्यासाठी त्यांनी एक युक्ती काढली. मागच्या डाव्या कोपऱ्यात जमिनीवर एक जुनी चिकटपट्टी होती. ती बरोबर स्पष्ट दिसेल असं कडं फिरवून ठेवायचं, हात लावायचा नाही, आणि स्प्रिंग त्या पट्टीवर आली की बटण दाबायचं. समोरच्या बाकावर आम्ही ओळीनं बसलो: वहिनी, भाऊजी, मी आणि आमचे हे. आमच्या ह्यांना चेंडूही दिसत नाही, पण टाळ्या वेळेवर वाजवतात.

स्प्रिंग काय खेळली त्या दिवशी! पट्टा बांधलेला गुडघा आणि तरी जमिनीवर अशी घसरत होती की जणू फरशीला तेल लावलंय. पट्टीवर ती दहा वेळा आली. दहाही वेळा भाऊजींनी बटण दाबलं, पडद्यावर पाहिलं आणि मान हलवली.

“आलं का?” मी.

“धूर.”

“आता?”

“ताई, जरा गप्प बसता?”

दोन डाव यांचे, दोन त्यांचे. पाचव्या डावात पंधराला संपतं. समोरच्या चौदा, आमच्या तेरा. एक गुण गेला की सामना गेला, मोसम गेला, स्प्रिंगचं खेळणंही गेलं. पंचांची शिट्टी झाली आणि हॉल एवढा गप्प झाला की लुकलुकणाऱ्या दिव्याची किरकिर ऐकू यायला लागली. समोरची मुलगी चेंडू मारायला मागे गेली. स्प्रिंग कोपऱ्यात, गुडघे वाकवून, हात पुढे, पट्टीपासून एक पाऊल लांब.

माझ्या शेजारी भाऊजींचा श्वास वाजत होता. चेंडू निघाला. स्प्रिंगनं पाऊल टाकलं. बरोबर पट्टीवर.

आणि ते म्हणाले, “हं... हलू नकोस.”

ओरडले नाहीत हो. दुकानात म्हणतात तसंच म्हणाले. स्वतःशी म्हणाले की तिला, हे मला आजही सांगता येणार नाही, आणि मी त्यांच्या कोपराला कोपर लावून बसले होते. पण त्या शांततेत ते पार पलीकडे पोचलं.

स्प्रिंग थांबली. तिची हनुवटी किंचित खाली झाली. डोळे चेंडूवरून उठून सरळ आमच्या बाकाकडे आले. खट्. चेंडू तिच्या मागे हातभर अंतरावर पडला. त्याचा आवाज मला वाटलं होतं त्याहून बारीक आला.

पलीकडे आरडाओरडा, उड्या, मिठ्या. आमच्या ह्यांनी टाळ्या वाजवल्या. मी त्यांचा हात धरला. स्प्रिंग अजून तशीच उभी होती. भाऊजींचे ओठ हलत होते, पण आवाज फुटत नव्हता. शेवटी वहिनीच इकडून म्हणाल्या, “झालं गं. झालं.” तेव्हा तिनं हात खाली घेतले.

तिचे सर धावत आले. “काय झालं? उभी का राहिलीस? हाताशी होता चेंडू!” भाऊजी कॅमेरा गळ्यात तसाच घेऊन मैदानाची रेघ ओलांडून गेले. मी मागोमाग, अर्थातच. “सर, चूक माझी आहे,” त्यांनी सुरुवात केली, “मीच तिला...”

“गुडघा अडकला, सर,” स्प्रिंग मधेच म्हणाली. “एकदम अडकला. पाऊल उचलताच आलं नाही.”

सरांचा चेहरा लगेच बदलला. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. बाकीच्या मुली गोळा झाल्या, कुणी बर्फ आणला, कुणी खुर्ची. आपल्या न अडकलेल्या गुडघ्यावर बर्फ धरून पोर बसली आणि बापाकडे बघून तिनं नुसती मान हलवली: नको. भाऊजी माघारी फिरले. खरं सांगावं तर मुलगी खोटी पडते.

आम्ही चौघं, आमचे हे धरले तर पाच, घरी परतलो. जिन्यात स्प्रिंग एकेक पायरी चढली.

फोटो? फोटो आला ना. त्या लेन्सनं आयुष्यात काढला नसेल असा. घामाचे थेंब मोजता येतात. गुडघ्याच्या पट्ट्याची वीण दिसते. हात पुढे, पाय वाकलेले, हनुवटी किंचित खाली, नजर सरळ. मागे टाचेशी एक पांढरा गोल, जमिनीला टेकायच्या बेतात. भाऊजींनी तो कुणालाच दाखवला नव्हता. क्लबची रीत आहे की खेळणं सोडणाऱ्या मुलीनं आपला खेळतानाचा एक फोटो हॉलच्या भिंतीवर द्यायचा. स्प्रिंग दुकानात गेली आणि म्हणाली, “बाबा, तो द्या.”

“तो नको गं. वर्तमानपत्रवाल्याकडे बघू, त्या दिवशीचं काही असेल.”

“त्याच्याकडे माझं दुसरं कोपर असेल.”

“अगं, त्यात चेंडू...”

“बाबा, माझा एकच आहे.”

वहिनींनी तो मोठा करून छापून आणला. पहिल्यांदाच त्यांना काही कापावं लागलं नाही. आता भिंतीवर सगळ्या मुली हवेत आहेत, केस उडताहेत, तोंडं वाकडी झालीत. आणि त्यांच्यामधे ही एक, ओळखपत्राला काढल्यासारखी, बघणाऱ्याच्या डोळ्यात डोळे घालून उभी. नवीन मुली विचारतात, हिचा गुडघा त्याच क्षणी गेला का हो? सर म्हणतात, हो.

दुकान चालू आहे, पण चालतंय असं म्हणवत नाही. भाऊजी माणसाला बसवतात, दोन पावलं मागे जातात, “हनुवटी किंचित खाली,” म्हणतात, आणि पुढे काहीच बोलत नाहीत. गिऱ्हाईक वाट बघतं, मग डोळे मिचकावतं, मान वळवतं. फोटो हलतो. पुन्हा काढावा लागतो. काल एकाचा पाच वेळा काढला. वहिनी काउंटरवरून म्हणाल्या, “सांगा ना त्यांना.” ते म्हणाले, “सांगतोय की.” सांगितलं काहीच नव्हतं.

ती लेन्स वरच्या फळीवर आहे. भिंगवाला परत घ्यायला तयार झालाय, पण भाऊजी नेत नाहीत.

माझ्या त्या थट्टेबद्दल ते मला एका शब्दानं बोलले नाहीत. वहिनीही नाहीत. बोलल्या असत्या तर मी उत्तर दिलं असतं. उत्तर देण्यात माझा हात कुणी धरणार नाही. पण कुणी बोलतच नाही, तिथे माणसानं करायचं काय?

परवा माझ्या ओळखपत्राची मुदत संपली. दुसरीकडे जाता आलं असतं. खाली गेले. स्टुलावर बसले. भाऊजी दोन पावलं मागे गेले. “हनुवटी किंचित खाली.” मी केली. त्यांनी कॅमेऱ्याला डोळा लावला, ओठ उघडले आणि तसेच राहिले. दिव्याचा उजेड डोळ्यांत जात होता. नाकाच्या शेंड्याला खाज सुटली होती. जिन्यात कोणीतरी कोणाशी तरी भांडायला लागलं होतं, आणि आवाज ओळखीचा होता.

मी हलले नाही.